कालवणाला शकशुका म्हणावं का?

मराठी स्वयंपाकाच्या बोलण्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक शब्द घट्ट रुजलाय : ट्विस्ट. पोह्यांना ट्विस्ट, पुरणपोळीला ट्विस्ट, साध्या वरणाला ट्विस्ट. टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमात सूत्रधार विचारते, ‘यात तुमचा ट्विस्ट काय?’ आणि समोरची बाई जरा लाजून सांगते, मी यात चीज घातलंय.

याआधी आपल्याकडे याच्या जवळपासचा एक शब्द होता, ‘हाताची चव’. तीच आमटी, तेच प्रमाण, पण आत्याच्या हातची वेगळी लागते. हाताच्या चवीची गंमत अशी, की तिचा दावा स्वतःला करता येत नाही. ‘माझ्या हाताला चव आहे’ असं कोणी म्हणालं तर आपण हसू. ते दुसऱ्याने, जेवताना किंवा जेवून झाल्यावर म्हणायचं असतं. ट्विस्टचं नेमकं उलट आहे. तो करणाऱ्यानेच जाहीर करायचा असतो, शक्यतो पदार्थ समोर यायच्या आधी. पदार्थात आपलं काही असणं आणि ते आपलं आहे असं सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा हक्क कोणाला असतो, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि त्याचं कारण एक अगदी किरकोळ काम आहे.

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या काही फार्महाउसांची मेनूकार्डं मी लिहून देते. हा पट्टा ओळखीचा नसेल त्यांच्यासाठी : एका बाजूला मुंबई-पुणे लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्ग आणि खालापूरचा टोलनाका, मध्ये भाताची खाचरं, उल्हास आणि पाताळगंगा, आणि गेल्या तीसेक वर्षांत कशेळे, कडाव, पळसदरी, चौक अशा गावांच्या आसपास उगवलेली शेकडो शेतघरं. शुक्रवारी रात्री मुंबईहून गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. मधल्या दोन सकाळी नाश्ता लागतो. पोहे, मिसळ, ऑम्लेट तर असतंच, पण आता जवळजवळ प्रत्येक ठिकाणी शकशुकाही असते. मसालेदार टोमॅटोच्या रश्शात खड्डे करून त्यात अंडी फोडायची, झाकण ठेवायचं, पांढरं बसलं आणि बलक थोडा हलता राहिला की उतरवायचं.

यातल्या एका ठिकाणच्या मालकांनी मला विचारलं की आमच्या शकशुकाचं वर्णन काय लिहायचं. कारण त्यांच्याकडे ती करणाऱ्या मावशी (सगळेच त्यांना मावशी म्हणतात, मीही) चौकच्या बाजूच्या एका गावातल्या आहेत, आणि शकशुका त्या स्वतःच्या पद्धतीने करतात. जिरेपूड आणि पाप्रिकाच्या जागी त्यांचा उन्हाळ्यात कुटलेला घरचा मसाला. ढोबळी मिरची नाही. कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं थोडं वाटण, भरपूर लसूण, वर कोथिंबीर. आणि सोबत पाव नाही, तांदळाची भाकरी. एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं होतं की जेवण छान आहे, पण ही शकशुका नव्हे, आणि तिला ते नाव देणं फसवणूक आहे. मालक दुखावले होते. त्यांचा प्रस्ताव होता की आपण ‘शेफ्स ट्विस्ट’ असं लिहून टाकू. म्हणजे तक्रारीचं तोंड बंद होईल.

त्या पाहुण्याला उत्तर देणं सोपं आहे, असं पहिल्यांदा वाटतं. शुद्ध शकशुका कुठे आहे, दाखवा. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतून निघाली ती सोळाव्या शतकात, तेव्हा आजच्या रूपातली शकशुका त्याहून जुनी असूच शकत नाही. हे नाव उत्तर आफ्रिकेतल्या, मुख्यतः ट्युनिशियाकडच्या अरबीतलं, आणि त्याचा अर्थ सांगतात तो ‘मिसळलेलं’. म्हणजे शब्दाशब्दाने पाहिलं तर शकशुका म्हणजे मिसळच. पुणेरी, कोल्हापुरी, नाशिकची, ठाण्याची अशा सगळ्या मिसळी मिसळच आहेत ना? तुर्कस्तानात हिचा एक भाऊबंद आहे, मेनेमेन. त्यात कांदा घालावा की नाही यावर वेदात मिलोर या खाद्यसमीक्षकाने २०१८ मध्ये ट्विटरवर कौल घेतला, लाखो लोकांनी मतं दिली आणि कांदेवाले अगदी काठावर जिंकले. जिथला पदार्थ तिथे ही परिस्थिती. आपल्याकडे पारशांचं ‘तमोटा पर ईडु’ आहेच, शिजवलेल्या टोमॅटोवर फोडलेली अंडी. त्याला कोणी शकशुकाची नक्कल म्हणत नाही.

आणि टोमॅटोचं आपल्याशी नातं तरी किती जुनं? विदर्भात त्याला अजून भेदरं म्हणणारी माणसं आहेत. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात टोमॅटो आणि बटाटा आजही चालत नाहीत, कारण ते परदेशी. इकडे मात्र आमसुलाच्या साराची जागा टोमॅटोच्या साराने इतकी बेमालूम घेतली, की लग्नाच्या पंगतीत ते ‘पारंपरिक’ म्हणून वाढतात. कर्जत स्टेशनातला वडा घ्या. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिन लागायचं म्हणून गाडी कर्जतला थांबायची, आणि त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा प्रसिद्ध झाला. बटाटा अमेरिकेचा, रेल्वे इंग्रजांची, पाव पोर्तुगिजांकडून आलेला. आणि तरी कर्जतचा म्हणून काही पदार्थ असेल तर तो हाच.

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, मांडलाही आहे, आणि तो खरा आहे. पण तो फार स्वस्तात मिळतो. काहीच शुद्ध नाही म्हणून काहीही चालतं, इथे तो जाऊन थांबतो आणि तिथून पुढे विचार करायची गरजच उरत नाही. ‘काहीच शुद्ध नाही’ हे वनस्पती तुपाला तूप म्हणणाऱ्या दुकानदारालाही म्हणता येईल. भेसळ आणि बदल यांत फरक आहे, हे आपल्याला जिभेने आणि मनाने कळतं. कशाने, ते मात्र सांगता येत नाही.

कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे गेलं की मला मिलिंदपञ्हातला रथ आठवतो. राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्खू नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? जू? नाही. सगळे भाग मिळून? तेही नाही. या सगळ्यांच्यापलीकडे दुसरंच काही? तेही नाही. तर ‘रथ’ हे भागांच्या मांडणीला व्यवहारापुरतं दिलेलं नाव आहे. शकशुकाचंही तसंच. जिरं म्हणजे शकशुका नव्हे, ढोबळी मिरचीही नव्हे. रश्शात फोडून शिजवलेली अंडी या मांडणीला दिलेलं ते व्यवहारापुरतं नाव. नागसेनाच्या न्यायाने मावशी सुटतात.

पण ‘व्यवहारापुरतं’ हा शब्द पुन्हा वाचावा. व्यवहार दोन माणसांत होतो. नाव हा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार असतो. मेनूकार्डावर तर पुढे किंमतही छापलेली असते. पाहुणा शकशुका मागतो तेव्हा त्याला जिरं हवंच असतं असं नाही, पण त्याच्या मनात काहीएक अपेक्षा असते आणि तिचे पैसे तो देणार असतो. तेव्हा ‘फसवणूक’ हा त्याचा शब्द जड असला तरी निरर्थक नाही. त्यावर उपाय सोपा आहे : काय घातलंय ते नीट लिहावं. नावाखाली एक ओळ, ‘घरचा मसाला, भाजक्या खोबऱ्याचं वाटण, तांदळाची भाकरी’. एवढं केलं की पाहुण्याचा प्रश्न संपला. त्याच्याबद्दल मला याहून जास्त काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्या पक्षाची. नाव ज्यांच्याकडून आलं त्यांची. कारण शकशुका या नावाला एक जखम आहे. ट्युनिशिया, लिबियातून १९५०-६० च्या दशकांत इस्राएलमध्ये गेलेल्या ज्यूंनी ती बरोबर नेली. गरिबांचं, कामगारांचं, स्वस्तात पोट भरणारं अन्न म्हणून ती तिथे रुळली, आणि तिथून जगभरच्या कॅफेंत पसरली ती ‘इस्राएली नाश्ता’ होऊन. अरबांना याचा राग आहे, आणि तो निव्वळ स्वयंपाकघरातला राग नाही. जमीन गेली, गावांची नावं गेली, आता ताटातलंही आमचं म्हणू देत नाहीत, असा तो आहे. दुसऱ्या बाजूला त्रिपोलीहून आलेल्या ज्यू आजीने आयुष्यभर तीच केली, तिने ती कोणाकडून चोरली म्हणायचं? तीही तिथलीच होती. दोन्ही बाजू खऱ्या असलेला हा तंटा आहे, आणि कर्जतच्या शेतघरात बसून तो सोडवण्याचा आव मी आणणार नाही.

मात्र त्या तंट्याचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो. खालापूरला लागून पेण आणि पनवेल. दोन्ही ठिकाणी सिनेगॉग आहेत. रायगडचे, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचे बेने इस्राएल, आपल्या भाषेत शनवार तेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. पिढ्यानपिढ्या इथे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा धर्माचा नियम, म्हणून त्यांनी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं. मानलेला नवस फेडायला किंवा शुभकार्याला मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून, आणि तो एलियाहू हन्नावीच्या नावाने वाटला. जगातले दुसरे ज्यू हे करत नाहीत. ट्विस्ट म्हणायचंच तर हा केवढा मोठा ट्विस्ट.

१९४८ नंतर यांतले बहुतेक हळूहळू इस्राएलला गेले. आणि तिथे १९६२ च्या सुमारास मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं, की यांच्याशी लग्न लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासा, हे खरे ज्यू आहेत का ते पाहा. जी माणसं शेकडो वर्षं कोकणात, तपासायला कोणी नसताना, शनिवार पाळत राहिली त्यांना अस्सलपणाचा दाखला मागितला गेला. त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद करू नये.

हे मी शकशुकाच्या लेखात का आणते आहे? माणसांचं दुःख आणि पदार्थाचं नाव एका मापाने मोजता येत नाही, हे मला कळतं. पण प्रश्नाची घडण तीच आहे. ‘हे खरं आहे का?’ असं विचारताना विचारणारा स्वतः मापाच्या जागी बसलेला असतो. रब्बींच्या पद्धतीत कुठकुठल्या देशांतले किती बदल मुरले होते, हे कोणी तपासत नव्हतं. ते बदल परंपरा होते. पेणकर-रोहेकरांचे बदल मात्र संशयास्पद होते. बदल दोघांनीही केले होते. फरक होता तो एवढाच, की कोणाच्या बदलाला कोणतं नाव मिळतं.

आता मावशींकडे परत. मुंबईतल्या एखाद्या महागड्या कॅफेत शेफने शकशुकात शेंगदाण्याची चटणी किंवा पोडी घातली, तर मेनूवर त्याला धाडस म्हणतात, मुलाखती येतात. मावशींनी घरचा मसाला घातला तर पाहुणा म्हणतो, यांना शकशुका येत नाही. समजूत अशी की शेफ नियम जाणून मोडतो, आणि मावशींना तो माहीतच नाही. पहिल्याच्या हातून होतो तो ट्विस्ट, दुसरीच्या हातून होते ती चूक, आणि पदार्थ कदाचित तंतोतंत एकच असतो. ‘शेफ्स ट्विस्ट’ हे दोन शब्द छापायला मी का कचरत होते ते इथे लक्षात येईल. त्या शेतघरात शेफ कोणी नाही. मावशी आहेत, त्यांचा पगार स्वयंपाकीणबाईचा आहे. छापताना शेफ, आणि महिन्याच्या शेवटी बाई?

शिवाय त्या बदल हौसेने करतात हेही गृहीत धरलेलं आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो देशभर शंभरच्या वर गेला होता, काही ठिकाणी किलोला दोनशेपर्यंत. आमच्याकडे तो घाटावरून, नारायणगावच्या बाजूने येतो, आणि त्या महिन्यात येईचना. मालकांनी मेनूतून शकशुका काढली नाही. मावशींनी अर्ध्याहून कमी टोमॅटो घेतला, कांदा वाढवला आणि आंबटाला सोलं भिजवून त्याचं पाणी घातलं. पांढरं तितकंच छान बसलं. बसणारच, अंड्याचं पांढरं साठ-पासष्ट अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, आंबटपणा त्याला मदतच करतो, आणि तो आंबटपणा टोमॅटोचा की आमसुलाचा हे अंड्याला कळत नाही. कमी टोमॅटोची ही शकशुका त्या महिन्यात पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि एकही तक्रार आली नाही. बेने इस्राएलांचं नारळाचं दूध धर्माच्या नियमातून आलं, हे आमसूल महागाईतून आलं. मला असं वाटत आलं आहे की पदार्थ खऱ्या अर्थाने बदलतात ते अशाच अडवणुकीने. हौसेचा बदल पुढच्या हंगामात विसरला जातो. अडचणीतून आलेला टिकतो, कारण तो करताना पदार्थाचा जीव कशात आहे हे शोधावंच लागतं. काय काढलं तर चालेल आणि काय काढलं तर मरेल, ही परीक्षा हौशी माणसाला द्यावी लागत नाही.

रुचिरासारखी पुस्तकं १९७० पासून घराघरांत गेली तेव्हा त्यांनी एक मोठं काम केलं, ‘अंदाजाने’ म्हणणाऱ्या स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप दिलं. सासू जवळ नसलेल्या, शहरात एकट्या संसार मांडलेल्या बायकांना त्याचा केवढा आधार झाला. पण कुठल्याही पाककृतीत एक जागा मोकळी सुटतेच, ‘मीठ चवीनुसार’. तिथे लेखिका मागे सरते आणि करणारीचा हात पुढे येतो. कोणाची चव, हे लिहिलेलं नसतं. घरात ती खाणाऱ्यांची असते, आणि शेतघरात पैसे देणाऱ्यांची. मावशी स्वतः तिखट खातात. पाहुण्यांच्या शकशुकात त्या मसाला निम्मा घालतात. मग जिला आपण ‘मावशींची पद्धत’ म्हणतोय ती तरी पूर्ण त्यांची आहे का?

हे सगळं मनात घेऊन मी त्यांच्याशी बोलायला गेले. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. कारण रश्शात कच्ची अंडी फोडून सोडणं ही आपल्याकडे नवी गोष्टच नाही. कोकणात, रायगडात, विशेषतः मासळी न मिळालेल्या दिवशी, वाटणाचा रस्सा उकळायला ठेवून त्यात एकेक अंडं फोडून सोडतात. सीकेपी घरांत करतात, आगरी-कुणब्यांच्या घरांतही करतात. फोडलेल्या अंड्यांचं कालवण. उकडून सोललेल्या अंड्यांपेक्षा ते वेगळं लागतं, रस्सा अंड्याच्या कडांत शिरतो. मावशींची शकशुका म्हणजे हेच कालवण आहे, पाणी कमी आणि टोमॅटो जास्त घातलेलं. मग ट्विस्ट कोणी कशाला दिला? त्या शकशुकाला वळण देत नाहीयेत. त्या आपलं कालवण करताहेत आणि त्याला परक्या नावाचा सदरा घातला गेलाय. माझा बेत होता मेनूवर सरळ ‘फोडलेल्या अंड्यांचं कालवण, भाकरीसोबत’ असं लिहायचा. ज्याचं नाव त्याला परत.

मावशी भाकऱ्या थापत होत्या. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाल्या, “ताई, शकशुकाच राहू द्या.”

मी कारण विचारलं.

“कालवण म्हटलं की माणसं म्हणतील, हे तर काय, शंभर रुपयांत द्या. अंड्याचं कालवण आमच्याकडे कधी करतात? घरात काही नसलं की करतात. पाव्हण्याला कोण वाढतं ते?”

“पण ते तुमचं आहे, मावशी.”

“आहे ना. म्हणून तर घरी करते.” आणि थोड्या वेळाने, भाकरी तव्यावर उलटून, “हे इथलं आहे. हे मी इथे शिकले. मालकांच्या मुलीने फोनवर दाखवलं, मी चार वेळा करून बघितलं, मग जमलं. ते काय कालवण नव्हे.”

मला हे उत्तर आवडलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्यात एक कडू गोष्ट आहे. आपल्या घरच्या पदार्थाला किंमत येत नाही, परक्या नावाला येते, हे त्यांनी स्वीकारलेलं आहे, आणि कोणीतरी त्यांना ते शिकवलेलं आहे. मेनूकार्डांनी शिकवलं आहे. ती मीच लिहिते. पण त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग मला टाळता येत नाही. त्या म्हणत होत्या की हे माझं शिकलेलं कौशल्य आहे, जन्माने मिळालेलं नाही. शहरातली बाई ट्युनिशियाचा पदार्थ शिकली तर ते तिचं कर्तृत्व. चौकजवळच्या गावातली बाई शिकली तर मात्र आपण तिच्या ताटात तिची मुळं शोधायला लागतो. ‘हे खरं तर तुमचं कालवणच’ म्हणताना मी त्यांना सन्मान देऊ पाहत होते, पण त्यात हेही होतं, की तुम्ही तुमच्याच गोष्टी करा, दुसऱ्यांच्या करायला आम्ही आहोत. ‘तुम्हाला शकशुका येत नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्यापासून हे वाटतं तितकं लांब नाही.

आणि तरीही कालवणाचा प्रश्न उरतोच. कारण कोणीच त्याचं नाव छापलं नाही तर वीस वर्षांनी ते फक्त काही नसेल तेव्हाचं अन्न म्हणून उरेल, किंवा उरणारही नाही. अंडं हा आपल्या राज्यात साधा विषय नाही. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. कर्जतच्या आदिवासी वाड्यांतल्या मुलांच्या ताटातून ते गेलं, त्याच रस्त्यावरच्या शेतघरांत ते तीन-साडेतीनशे रुपयांना शकशुका म्हणून मिळतं. गावठी अंडी बऱ्याचदा त्याच वाड्यांवरून आलेली असतात. नावाच्या नीतीबद्दल लिहिताना ही गोष्ट बाहेर ठेवायची म्हणजे रथाच्या चाकांवर चर्चा करून तो ओढणाऱ्या घोड्यांविषयी गप्प बसायचं.

मग मेनूवर काय गेलं? ‘शकशुका’, आणि खाली घटकांची ओळ. ‘ट्विस्ट’ हा शब्द नाही, ‘शेफ’ हाही नाही. मी मावशींचं नाव घालू का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. नाव घातलं की माणसं स्वयंपाकघरात डोकावतात, फोटो मागतात. त्यांची एक अट होती, वाटणाचं प्रमाण कुठे छापायचं नाही. मालकांना हे जरा विचित्र वाटलं, मला अजिबात नाही. जाहीर न करता पदार्थात स्वतःला ठेवण्याची ही त्यांची रीत आहे. पाहुणा घरी जाऊन करून बघेल आणि जमणार नाही. मग म्हणेल, तिथल्या मावशींच्या हाताला चव होती.

कालवण मी मालकांशी बोलून रात्रीच्या जेवणात घातलं, ‘विचारा, असेल तर’ या सदरात, कारण मावशींनी ते रोज करायला नकार दिला. किंमत शकशुकाइतकीच ठेवायची, एवढा हट्ट मात्र मी धरला. मालक म्हणाले, त्या किमतीला कोणी घेणार नाही. पावसाळ्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत ते बरोबर निघाले. तिसऱ्या आठवड्यात पेणहून एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनी ते मागवलं, आणि आजोबांनी पहिल्या घासाला विचारलं की यात त्रिफळा का नाही.

मावशी म्हणाल्या, “आमच्याकडे अंड्याला नाही घालत. तुम्हाला हवं तर घालते.”

रविवारच्या कामाचे त्यांचे पैसे अजून वाढलेले नाहीत. पुढचं मेनूकार्ड दिवाळीला छापायचं आहे, आणि या वेळी मालकांशी बोलणं किमतींच्या रकान्यापासून सुरू करायचं असं मी ठरवलं आहे.